तळहातावरचा भंडारा

गयाबाईंना खोकला नव्हता. बाकावर बसून त्यांनी दोन-तीनदा खोकून दाखवलं, पण मी नर्स होते. खरा खोकला आणि कीर्तनकार घसा साफ करतो तो खोकला, एवढा फरक मला कळत होता. बाकीच्या बाया औषधं घेऊन गेल्या, तशा त्या उठून इंजेक्शनच्या खोलीत आल्या.

"शिस्टर, दार लोटा," त्या म्हणाल्या. "मला काय झालंय! मला तुज्या बापाला भेटायचंय. मला म्हंजे माज्या भावाला."

मी आधी खिडकी लावली, मग दार.

गयाबाई म्हणजे व्यंकटराव टेकाळ्यांची थोरली बहीण. माझा दवाखाना होता त्या बोरवंडात दिलेली, विधवा, कपाळावर कुंकवाच्या जागी भंडाऱ्याचा मळवट. व्यंकटराव म्हणजे तात्या, नदीपलीकडच्या हिवरपांगरीचे पुढारी. आणि माझे वडील कचरू सोनपसारे, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते त्याच हिवरपांगरीच्या भीमनगरचे. आम्ही बौद्ध. अण्णांच्या मतांनी तात्या दोनदा निवडणुकीत आपटले होते आणि तात्यांच्या माणसांनी अण्णांचं डोकं एकदा फोडलं होतं. एवढी त्यांची ओळख.

त्या उन्हाळ्यात गायरानावरून मारामारी झाली. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं कसलेलं गायरान वरच्या गावाला, म्हणजे तात्यांच्या बाजूला, परत हवं होतं. आमचा भिकाजी जिल्ह्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता, आणि तात्यांचा तरणाताठा पुतण्या, म्हणजे गयाबाईंचा भाचा, जागच्या जागी गेला होता. तेव्हापासून भीमनगरचं पाणी बंद, गिरणी बंद, दुकान बंद. पोलिसांची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी असायची, आणि त्यातले शिपाई जेवायला वरच्या गावात जायचे. सोमवारी पोराचा तेरावा होता. पंचक्रोशीतून ट्रॅक्टर भरून माणसं येणार होती. जेवणं उरकली की भीमनगर पेटणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मावशी, तुमचा भाचा गेलाय," मी म्हटलं. "तुम्ही कशाला यात पडता?"

"गेलाय म्हनूनच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "त्याच्या आईला म्या बघितलंय. आता आनिक कुनाची आई बघायची नाई मला. उद्या दुपारी दवाखाना बंद ऱ्हातो ना? मंग हितंच."

संध्याकाळी नदीचं कोरडं पात्र ओलांडून मी घरी गेले. अण्णा पडवीत पेपर वाचत होते. पेशानं गवंडी. वरच्या गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलेली, आणि वास्तुशांतीनंतर एकाही घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांना कुणी बोलावलेलं नाही. माझं बोलणं ऐकून त्यांनी पेपरची घडी घातली.

"मी त्या माणसाचं तोंड पाहणार नाही."

"तोंड नका पाहू. बोला नुसतं."

आतून सुमनच्या कण्हण्याचा आवाज आला. सुमन माझी भावजय, नागसेनची बायको. दिवस भरलेले, पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. तिला बैलगाडीत घालून हलवायची माझी छाती होत नव्हती. हलवणार तरी कुठं? गाडीचे सगळे रस्ते वरच्या गावातूनच जात होते, नदीतली ती नुसती पायवाट. अण्णा त्या आवाजाकडे कान देऊन बसले, मग म्हणाले, "नागसेनला कळता कामा नये."

नागसेन माझा धाकटा भाऊ. वस्तीतली तरणी पोरं त्याच्या शब्दात होती, आणि त्याचा शब्द तेव्हा कुऱ्हाडीसारखा झाला होता.

रविवारी दुपारी अण्णा दाढ दुखत असल्यासारखा तोंडाला टॉवेल गुंडाळून आले. तात्या बहिणीच्या बैलगाडीत कडब्याखाली झोपून आले. ज्यांच्या जीपचा हॉर्न ऐकून तहसीलदार उभा राहायचा, ते तात्या धोतराला चिकटलेल्या काड्या झटकत माझ्या इंजेक्शनच्या खोलीत शिरले. दुसरा एखादा दिवस असता तर मी पोट धरून हसले असते.

खोलीत बाळंतपणाचं टेबल होतं, एक खुर्ची होती आणि एक स्टूल. खुर्चीवर कोण बसणार आणि स्टुलावर कोण, हे ठरेना. दोघेही उभेच. शेवटी गयाबाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसा नाईतर उभे ऱ्हावा. बोला."

"कचरू, पोरगं आमचं मेलंय," तात्या म्हणाले.

"आमचाही मरायला टेकलाय. आणि उद्या सगळेच मरणार आहेत. तुम्हाला पोरगं परत मिळणार आहे का त्यानं?"

"मला काई करायची हौस नाई. पोरं माज्या ताब्यात ऱ्हायली नाईत."

"तुमच्या ताब्यात नाहीत, तर मी इथं कुणाशी बोलायला आलोय?"

तात्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं छताकडे.

मग बोलणं सुरू झालं. बोलणं कसलं, दोन जखमी बैल एकाच दावणीला बांधल्यासारखे ते एकमेकांना धडका देत होते. तात्यांना गायरान सगळं हवं होतं, अण्णा वीतभरही सोडायला तयार नव्हते. मारामारीत नावं असलेली आमची दोन पोरं तात्यांना तालुक्याच्या ठाण्यात हजर हवी होती. अण्णा म्हणाले, "तालुक्याला नाही. तिथले शिपाई तुमच्या पंगतीला बसतात. जिल्ह्याच्या साहेबापुढे मी स्वतः घेऊन जाईन." मध्येच तात्या अण्णांच्या अंगावर धावून गेले, मध्येच अण्णांनी मागच्या निवडणुकीचं उकरून काढलं. मी दाराला पाठ लावून उभी होते, आणि बाहेर कुत्रं भुंकलं तरी कडी चाचपून बघत होते.

ऊन कलायला लागलं तसं जमत आलं. ओढ्याकडचं निम्मं गायरान आम्ही सोडायचं. पोरं जिल्ह्याला हजर करायची. पाणी, गिरणी, दुकान मंगळवारपासून खुलं. तेराव्याला आलेली गर्दी तात्यांनी जेवल्यापाठोपाठ घरोघर परत पाठवायची. आणि ही भेट झालीच नाही. दोघांपैकी कुणाच्याही तोंडून ती बाहेर गेली, तर तात्यांना त्यांचीच माणसं उभं चिरतील आणि अण्णांना आमची.

"ठरलं," तात्या म्हणाले. "माजा शबुद."

अण्णा काही बोलायच्या आत गयाबाईच हसल्या. कोरडं, वाईट हसू होतं ते.

"येंकट, तुजा शबुद? माहेरची म्हैस देतो म्हनला व्हतास मला. त्या म्हशीची नात व्याली, तरी म्हैस आली नाई." त्या अण्णांकडे वळल्या. "माज्या भावाच्या शब्दावर पोरंबाळं निजवू नका. ह्यो सगळं मोडतो. मोडत नाई ती एकच गोष्ट."

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत बेलाचं पान होतं. कमरेची पिशवी सोडली. आत भंडारा होता.

हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. तात्या सभेत दिलेलं वचन सभेतच विसरायचे, पण खंडोबाचा बेलभंडारा उचलून दिलेलं वचन त्यांनी आयुष्यात मोडलं नव्हतं. दारू त्यांनी भंडाऱ्यावर सोडली, ती परत शिवली नाही. लोक थट्टेनं म्हणायचे, तात्या भंडारा उचलल्याशिवाय खरं बोलत नाहीत.

तात्यांचा चेहरा उतरला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की नुसता शब्द ते पाळणार नव्हते.

"उचलतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पर रीतीनं उचलावा लागंल."

आमच्या भागातली रीत अशी, की ज्याला वचन द्यायचं, त्याच्या तळहातावर बेल आणि भंडारा ठेवायचा. देणाऱ्यानं तो तिथून उचलून कपाळाला लावायचा.

गयाबाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

अण्णांना एक आत्या होती, गिरजा. ती लहान असताना घरात कुणाचं तरी दुखणं हटेना, म्हणून तिला नवसापोटी खंडोबाला मुरळी म्हणून सोडली. देवाला वाहिली आणि माणसांनी वापरली. अण्णा विशीत होते तेव्हा दीक्षा घेऊन आले, आणि पहिलं काम काय केलं, तर गिरजाआत्याच्या कपाळावरचा भंडारा आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसला. देव्हाऱ्यातले टाक नदीत नेऊन टाकले. त्या दिवसापासून आमच्या घरात हळद फक्त डाळीत. ही गोष्ट भीमनगरात लहान मुलांना झोपताना सांगत. मला सांगितली होती, नागसेनला सांगितली होती. अण्णा आमचे पुढारी होते ते त्या बाहीमुळे.

"मी याला हात लावणार नाही," अण्णा म्हणाले. "मी शपथ घेतलेली आहे."

"तुजी आत्या तर जलमभर—" तात्यांनी सुरुवात केली.

"तोंड सांभाळा!"

एवढ्या मोठ्यानं अण्णा ओरडले, की बाहेर बैल बुजले. मग ते टॉवेल उचलून दाराकडे आले. दारात मी.

"विशाखा, बाजूला हो."

"माझ्या हातावर ठेवा," मी म्हटलं. "मावशी, माझ्या हातावर ठेवा. मीपण भीमनगरचीच."

गयाबाई भावाकडे वळल्या. तात्यांनी मान हलवली, आणि जे बोलले ते तेवढं मात्र अगदी खरं बोलले. "पोरी, तुज्या हातावरनं उचलला तर वचन तुला दिल्यालं व्हईल. उद्या ट्रॅक्टर आले की माजं मन म्हनंल, शिस्टरला हात लावायचा नाई, बाकीचं पेटू दे. मला मपलं मन ठाऊकंय. कचरूच पाहिजे."

"बाजूला हो," अण्णा पुन्हा म्हणाले.

"नाही होत. अण्णा, सुमनला सकाळपासून कळा आहेत. सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता. उद्या आग लागली तर सगळे पळतील. ती कशी पळेल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या बापाला मी उपाशी पाहिलंय, डोकं फुटून रक्तात न्हालेलं पाहिलंय. पण इतकं हरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि दार सोडावंसं वाटलं. तरी मी सोडलं नाही.

अण्णा वळले. "देव तुमचा," ते तात्यांना म्हणाले. "वचन तुमचं. माझा फक्त हात."

"हात तेवढाच पायजे," गयाबाई म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात पुढे केला. गवंड्याचा हात, चुन्यानं आणि सिमेंटनं भेगाळलेला. गयाबाईंनी त्यावर बेल ठेवला आणि मूठभर भंडारा ओतला. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. तात्यांची बोटं त्यांच्या तळहाताला लागली, तेव्हा दोघेही दचकले. एका गावात पन्नाशी गाठली होती त्यांनी, आणि हाताला हात लागायची ती पहिलीच वेळ असावी.

"खंडेरायाची आन," तात्या म्हणाले. "भीमनगरच्या काडीला आग लागली तर माजा निर्वंश व्हवो."

कपाळ पिवळं करून ते कडब्याखाली जाऊन झोपले.

अण्णा हात तसाच पुढे धरून उभे होते, जणू तो त्यांचा नव्हताच. मी घाईघाईत साबण लावला. गयाबाई "साबन नको!" म्हणेपर्यंत हळद लालभडक झाली होती. पाणी ओतलं, पुन्हा पिवळी. उन्हानं तळवा घामेजलेला, प्रत्येक भेगेत हळद मुरलेली. स्पिरिटनं घासलं तेव्हा थोडी फिकी झाली, पण तळहाताच्या रेषा सोन्याच्या तारेनं काढल्यासारख्या दिसत होत्या. शेवटी मी हातावर जाड पट्टी बांधली. सांगायचं, चुलीवर भाजला.

"दोन दिवसांत जाईल," मी म्हटलं.

अण्णा म्हणाले, "रंग जाईल."

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. समाजमंदिरापुढे सगळी वस्ती जमलेली. रॉकेलचे डबे, कुऱ्हाडी, गोफणीचे दगड. मध्ये नागसेन. ते जळायची वाट बघणार नव्हते. पहाटे वरच्या गावात तेराव्याच्या चुली पेटतील, तेव्हा मांडवच पेटवायचा, असं त्यांचं ठरलं होतं.

"सामान घरात ठेवा," अण्णा म्हणाले. "उद्या काही होणार नाही."

"कशावरून?" नागसेननं विचारलं.

"मी सांगतो म्हणून."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं?"

नागसेन पुढे आला. त्याचे डोळे तारवटलेले होते, कित्येक रात्री तो झोपला नव्हता.

"अण्णा, घरात माझी बायको वेणा देतीय. आत जाऊन तिला काय सांगू? तुमच्या मनाला वाटलं म्हणून आम्ही हातावर हात ठेवून बसलो?"

"गर्दी जेवून परत जाईल. पाणी सुटेल. निम्मं गायरान सोडावं लागेल आपल्याला."

एकच गलका झाला. "म्हणजे तात्याशी बोलणं झालंय!" कुणीतरी ओरडलं. "तात्याचा शब्द? त्यापेक्षा सरड्याचा रंग बरा!"

"जयभीम अण्णा, तुमचा मान राखून सांगतो," नागसेन म्हणाला, आणि वाकून त्यानं रॉकेलचा डबा उचलला. "तात्याच्या शब्दावर मी माझं लेकरू निजवणार नाही." गयाबाईंचंच वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं. मग तो कडवट हसला. "का भंडारा उचललाय तात्यानं?"

पोरं हसली. थट्टाच होती ती.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. मी दोन्ही हातांनी नको म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं पट्टीची गाठ सोडली आणि एकेक वेढा काढायला लागले. पट्टी मी फार जाड बांधली होती, तिला वेळ लागला. हसणं थांबलं. मग सभेत बोलायला उभे राहिले की करायचे तसा त्यांनी उजवा हात वर केला, तळवा लोकांकडे करून.

ते एक अक्षर बोलले नाहीत. भेट झालीच नव्हती ना.

मावळत्या उन्हात तळवा लख्ख पिवळा दिसत होता. रीत सगळ्यांना ठाऊक होती. म्हाताऱ्या जनाबाईनं तोंडाला पदर लावला. कुणी विचारलं नाही कुठं, केव्हा. तात्या वचन पाळणार, हे त्या क्षणी सगळ्यांना पटलं, आणि ज्यानं ते पटवलं, तो माणूस त्यांच्यातून उठला.

नागसेननं डबा खाली ठेवला. एकेकानं कुऱ्हाडी ठेवल्या. मग तो चालत अण्णांसमोर आला. मला वाटलं, मारतो आता. तो वाकला, मातीतली पट्टी उचलली आणि अण्णांच्या हातात दिली.

"झाका ते," तो म्हणाला.

सुमनला पहाटे मुलगी झाली. दुपारी तात्यांनी वस्तीच्या तोंडाशी बाज टाकली आणि आमच्याकडे पाठ करून बसले, तोंड गर्दीकडे. त्यांची माणसं त्यांना आईमाईवरून शिव्या देत होती. एकानं चप्पल फेकली. ते उठले नाहीत. ट्रॅक्टर शेवटी वळले. त्यानंतर तात्या निवडणूक कधी जिंकले नाहीत, आणि का हरतात हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आमच्या लोकांनीही गुपित राखलं, ते लाजेपोटी. सोनपसारे अण्णांनी हातावर भंडारा घेतला, हे बाहेर सांगणार कोण?

भीमनगर उभं राहिलं. अण्णांना मात्र त्यानंतर समाजमंदिरात कुणी बोलायला सांगितलं नाही. ते रोज पडवीत बसायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला पहिला जयभीम तेच घालायचे. लोक "हूं" म्हणून पुढे जायचे. नागसेन तेवढंही म्हणत नव्हता. दोघे एका छपराखाली राहिले, त्यानं बापाचं दुखणंखुपणं काढलं, औषधपाणी केलं, पण जयभीमला उत्तर दिलं नाही. मी एकदा भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, "ताई, मला कळतं सगळं. माझी पोरगी त्याच हातानं जगलीय. पण तोंडातून निघत नाही, काय करू?"

अण्णा गेले त्या दिवशी मी आणि नागसेननं मिळून त्यांना अंघोळ घातली. पोरगी तोवर कॉलेजात जात होती, दारात रडत उभी होती. नागसेननं उजवा हात हातात घेतला, मुठीतली बोटं एकेक करून सोडवली आणि तळवा धुतला. स्वच्छच होता. तो धूतच राहिला. साबण लावायचा, पाणी ओतायचा, पुन्हा साबण लावायचा. मी त्याचं मनगट धरलं तेव्हा थांबला.

मग तो अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाला, "जयभीम, अण्णा."

पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, आणि वाट बघत बसला.